मामाचे एकवीस नमस्कार

सातवीत शाळा सोडली तेव्हा बाकात पाय मावत नाहीत, असं मी घरी सांगितलं. मावत नव्हतं ते गणित. पण पायांचंही अगदीच खोटं नव्हतं. मी वाढतच गेलो आणि सहा फूट चार इंचांवर थांबलो. तोवर आमचं बुलढाण्याकडचं गाव सोडून, ट्रकांवर माल भरत भरत मध्य प्रदेशात बालाघाटला येऊन पडलो होतो. ऐंशीनंतरची वर्षं. तिथल्या एका मँगनीज खाणीच्या फाटकापाशी मी जमिनीवर उभा राहूनच ट्रकची ताडपत्री बांधत होतो. ते खाणीच्या हेडक्लार्कांनी पाहिलं. खाणीची बास्केटबॉलची टीमही तेच सांभाळत. त्यांनी विचारलं, खेळशील का? मी हौ म्हणालो. काय खेळायचं ते विचारलं नाही. समोरचा नोकरीचं बोलत असताना मधे प्रश्न विचारू नये, एवढं सातवीपर्यंत शिकलो होतो.

सहा महिने हंगामी. सकाळी दोन तास चेंडू, मग ऑफिस. ऑफिसात कपाटावरच्या फायली काढायच्या, बल्ब बदलायचे, पंख्याची जाळी झाडायची. पूर्वी यासाठी एक स्टूल होतं. मी आल्यावर त्यावर पाण्याचा माठ आला. सहा महिन्यांनी खाणीचे मोठे साहेब माझी एक मॅच पाहणार आणि मला कायम करायचं की परत पाठवायचं ते ठरवणार. तिकडं गावात वडिलांनी पोरगं साहेब झालं असं सांगून टाकलं होतं. त्यामुळे परत कुठं जायचं, हाच घोर. झोपेतही मी चेंडू टाकायचो, आणि झोपेतही तो रिंगला लागून बाहेर यायचा.

राहायला खोली मिळाली ती एका पोलीस शिपायाच्या घरी. बोलता बोलता त्याच्या आजोबांचं मूळ गाव आणि माझ्या आईचं माहेर एकच निघालं. झालं, तो माझा मामा ठरला. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो, म्हणून मी लगेच वाकलो. मामा साप दिसावा तसा उडी मारून खाटेवर चढला. इकडं उलटं असतं. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, आणि चुकून भाच्याला पाय लागला तर हातातलं काम टाकून आधी नमस्कार करायचा. मामीही पडते. पहिला आठवडा मी घरात पाय पोटाशी घेऊनच बसलो. माझ्या लांबीच्या माणसाला ते सोपं नव्हतं.

साहेब पाहणार होते ती मॅच पोलिसांच्या टीमशी लागली. मामाही चांगला उंच होता, म्हणून मला अडवायला त्यालाच ठेवलेलं.

बास्केटबॉलमध्ये पाय लागतो. पहिल्याच मिनिटाला मामाचा बूट माझ्या पायावर पडला. त्यानं चेंडू सोडला, वाकला, दोन्ही हात माझ्या बुटांना लावून कपाळाला लावले. मी गांगरून तसाच उभा. कोचनं बाजूनं ओरडून सांगितलं तेव्हा चेंडू उचलून टाकला आणि तो चक्क आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. रेफरी तिथलाच, कॉलेजातला पीटीचा मास्तर. नमस्कार चालू असेपर्यंत तो शिट्टी तोंडातून काढून आदबीनं उभा राहायचा. बघ्यांनाही काही वावगं वाटलं नाही. फक्त दोघंच घाबरले होते: एक मी, आणि दुसरे आमचे साहेब. ते बंगालकडचे, बालाघाटला येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

मध्यंतरापर्यंत आम्ही बरेच पुढे गेलो. पोलिसांचा कॅप्टन एक जाडजूड हवालदार होता. नमस्कार करू नको असं तर त्यालाही म्हणता येईना, त्याचेही भाचे होतेच. तो खूप वेळ डोकं खाजवत राहिला. मग मामाला म्हणाला, "एकवीस नमस्कार आताच करून घे. मंग बिनधास्त धक्के मार."

मामाला ते पटलं. रेफरीलाही पटलं. मला रिंगच्या खांबापाशी उभं केलं आणि मामानं एकामागून एक एकवीस नमस्कार घातले. लोक मोठ्यानं मोजत होते. शेवटच्या चार-पाचांना तर मामा गुडघे धरून उठत होता. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी वर रिंगकडे बघत राहिलो.

दुसऱ्या अर्ध्या खेळात मामानं मला धुऊन काढलं. कोपर, खांदा, गुडघा, काही ठेवलं नाही. नमस्कार आधीच झालेत म्हणून रेफरीनंही निम्मे फाउल सोडून दिले. मध्यंतरानंतर माझा एकही चेंडू आत गेला नाही. आम्ही हरलो.

घरी येऊन मी पेटी भरायला घेतली. मामा दारात उभा राहून म्हणाला, "भांजे, मले वाटलं तुले चार-दोन तरी टाकू द्यावं. पन हवालदार पाहून राह्यला होता." त्याचा चेहरा माझ्याहून पडलेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. सातवीचं विचारतील या भीतीनं मी 'बाकात पाय मावत नव्हते' हे घोकतच गेलो. साहेबांनी हेडक्लार्कांनाही आत घेतलं आणि दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पुलिस तुम्हारे पैर क्यों छूती है?"

"मामा हैं, साहब," मी म्हणालो. "यहाँ सब मामा ऐसा ही करते हैं।"

साहेबांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांना सगळं नीट समजावून सांगता आलं असतं. पण माझ्यानंतर फायली कोण काढणार? ते गंभीर चेहऱ्यानं एवढंच म्हणाले, "जी साहब. जिले भर में।"

जिल्हाभरातले किती पोलीस माझ्या नात्यात आहेत असं साहेबांना वाटलं, देव जाणे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि कागदावर सही केली. त्या सहीवर मी पुढं नऊ वर्षं खेळलो, दोन बहिणींची लग्नं केली. हेडक्लार्कांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

कागद घेऊन धावतच घरी गेलो. आज काही झालं तरी मामाच्या पाया पडायचंच, असं ठरवलं होतं. मामा अंगणात होता. हातातला कागद पाहून तो समजला आणि माझ्या पायांकडे वाकला. त्याच क्षणी मी त्याच्याकडे वाकलो. दोन उंच माणसांची डोकी एकमेकांवर आदळली आणि दोघंही तिथंच खाली बसलो. मामी हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आता कोनी कोनाच्या पाया नका पडू. बसा चुपचाप."

कायम खेळाडू म्हणून माझी पहिली मॅच, तीही पुन्हा पोलिसांशीच, मी बाकावर बसून पाहिली, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन. समोरच्या बाकावर मामा बसला होता, तसाच.