डेलच्या नावापुढचा आकडा

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बाह्नहोफवर (रेल्वे स्टेशनवर) उतरले, तेव्हा धाकटी बहीण मेधा गळ्यात पडली आणि तिच्या नवऱ्याने, क्लाउसने, माझी बॅग उचलता उचलताच मला काम सांगितलं. त्याच्या गोल्फ क्लबवर व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा चालू होती आणि शेवटच्या दिवसासाठी एक स्वयंसेवक कमी पडत होता.

"ताई, तुम्ही फक्त गुणांची पाटी धरून चालायचं," तो म्हणाला. एवढं मराठी त्याला येतं, आणि ते तो असं वेळेवर वापरतो.

मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. आकड्यांची पाटी धरायला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं. २००५चा सप्टेंबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीने निघालो. वाटेत कार्प माशांची तळीच तळी लागली, धुक्यात अर्धी बुडालेली.

माझ्या वाट्याला दोन खेळाडू आले. एक तरुण स्पॅनिश, दुसरा अमेरिकेतल्या कॅन्ससचा डेल, चव्वेचाळीस वर्षांचा. आपली पिशवी तो स्वतःच खांद्यावर वाहत होता. पाटीवर त्याच्या नावापुढे उणे तीन होतं. या खेळात जितकं उणे तितकं चांगलं, हे कळल्यावर मला खेळच आवडला. तिसऱ्या होलपर्यंत मी पाटी उलट्या बाजूने धरून चालले होते. एका जर्मन आजींनी ती फिरवून दिली आणि "गेनाऊ" (आता बरोबर) म्हणून माझी पाठ थोपटली.

चालता चालता डेल बोलत राहिला. पंचविसाव्या वर्षी त्याने अमेरिकेत एक मोठी स्पर्धा जिंकली होती. गावातल्या किराणा दुकानात त्याचा फोटो लागला होता. मग पाठीचं ऑपरेशन झालं, तिकडच्या मोठ्या स्पर्धांमधली जागा गेली, आणि गेली नऊ वर्षं तो युरोपातल्या छोट्या स्पर्धा खेळत फिरत होता. ही मोसमातली शेवटची. पहिल्या विसांत आला तर पुढच्या वर्षीची जागा टिकणार, नाहीतर संपलं. हवापाण्याबद्दल बोलावं तसं त्याने हे सांगितलं.

सतराव्या होलवर त्याचा चेंडू झाडाखाली वाळक्या पानांत गेला. जवळ मी एकटीच होते. त्याने काठी चेंडूमागे टेकवली, थांबला आणि मागे सरकला.

"हलला. तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

त्याने स्पॅनिश मुलाला हाक मारली. त्यानेही काही पाहिलं नव्हतं. पान हललं असेल, सोडून दे, असं तो दोनदा म्हणाला.

"मी पाहिलंय," डेल म्हणाला. काठी टेकवल्यावर चेंडू हलला तर एक फटका जास्त मोजायचा, असा नियम; चेंडू जागेवर ठेवून त्याने स्वतःला तो एका फटक्याचा दंड लावला.

होल संपल्यावर मला पाटीवर उणे तीनचं उणे दोन करायचं होतं. आकड्याची पट्टी खाचेतून निघेना. शेवटी डेलनेच पाटीचा दांडा धरला, म्हणून ती निघाली.

शेवटच्या, अठराव्या होलवर त्याचा चेंडू खळग्याच्या वीतभर अलीकडे थांबला. एका फटक्याने विसांतली जागा हुकली.

जेवायला क्लाउसने त्याला आमच्या टेबलावर बोलावलं. उभा चिरून तळलेला अर्धा कार्प आणि बटाट्याचं सॅलड. माशाचे पर पापडासारखे कुरकुरीत लागतात. क्लाउस अजून हळहळत होता. डेलने मात्र बोटं पुसली, फोन लावला आणि बायकोला म्हणाला, "येतोय. या वेळी राहायलाच."

तिकडे ती काय बोलत होती कोण जाणे, पण त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला.

आठवड्याने मी नाशिकला परतले. जर्मनीत काय पाहिलं, असं लोक विचारतात, तेव्हा मी डेलबद्दल सांगते. मोठा खेळाडू होता का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. सुरुवातीला मी त्याची ती एकुलती एक मोठी स्पर्धा सांगायचे. आता सांगते, मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते आणि मला काहीच दिसलं नव्हतं.