तापल्या तेलातले बारा चुंबक

“घड्याळ काढ, मग आत ये.”

आदरणीय सुमनअक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडवर मी सोलर पॅनल बसवायला गेलो होतो. घड्याळ काढलं, पण हातातला पाना तसाच राहिला. तो सुटला आणि टेबलावरच्या चुंबकाला खाडकन जाऊन चिकटला. अक्का हसल्या नाहीत. “मध्ये बोट असतं तर?” एवढं विचारलं आणि चहा दिला. पॅनल दोन दिवसांत बसले. मी मात्र तिथून गेलोच नाही.

अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे जुने सहकारी प्राध्यापक लिहिणार आहेत. माझं शिक्षण गावीच, शिरपूरला, बारावीत सुटलं. मग कापसाचं जिनिंग, केळीच्या गाड्या, दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी रंगकाम. तिथल्या धुराड्याला टांगलेल्या पाळण्यावरून दुपारची तापी कशी दिसते ते खरं तर सांगायला हवं, पण संपादकांनी बजावलंय, विषय सोडू नकोस. तर विषय.

पंपाच्या मोटरीत चुंबक असतात. मोटर तापली की चुंबकाचा जोर जातो, आणि थंड झाल्यावर सगळा परत येत नाही. तो टिकावा म्हणून चुंबकाच्या धातूत डिस्प्रोशियम नावाचं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य कालवतात. ते परदेशातून येतं, कधी येईनासंही होतं. अक्कांचं म्हणणं, ते सगळीकडे कालवायचंच कशाला? चुंबक बारीक कणांचा बनलेला असतो आणि जोर जायला सुरुवात कणांच्या कडांपासून होते. म्हणून तयार चुंबकाला वरून डिस्प्रोशियमचा पातळ लेप द्यायचा, हवा काढलेल्या भट्टीत तापवायचा, म्हणजे ते कडाकडांनी आत झिरपतं. थोडक्यात भागतं. मला हे कळेना, तेव्हा अक्का म्हणाल्या, “हिंग डाळीच्या डब्यात ओततोस का फोडणीत टाकतोस?” त्या दिवशी कळलं. पुढे कोणी त्यांना शोधक म्हटलं की त्या लगेच अडवत, “ही रीत जगात चालते. आपल्याला ती आपल्या भट्टीत जमवायचीय.”

ते जमवायला तीन वर्षं गेली. शेवटी धुळ्याचे पंप बनवणारे पारसभाऊ म्हणाले, दाखवा एकदा. ते हो म्हणाले तर भट्टी चालू राहणार होती. नाही म्हणाले तर शेड बंद आणि भट्टी सांभाळणारे मुरलीभाऊ घरी. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही एकाच मापाचे बारा चुंबक घेतले. सहा आमचे लेपाचे, सहा बाजारातले, डिस्प्रोशियम पुरेपूर कालवलेले. प्रत्येकाचा जोर मोजायचा, तापल्या तेलात ठेवायचं, थंड करून पुन्हा मोजायचा. अक्कांच्या शेडचा एक नियम होता: धुतलेला चुंबक नंबर घातल्याशिवाय हातातून खाली ठेवायचा नाही. मी बाराही धुतले, सहा-सहा दोन ट्रेमध्ये ठेवले आणि नंबर न घालताच फाटकाकडे धावलो, कारण तिथे केळीच्या गाडीचा ड्रायव्हर कोणाशी तरी भांडत होता. भांडण मस्त होतं. परत आलो आणि नंबर घातले. मोजणीत आमचे सहा बाजारातल्यांपेक्षाही सरस निघाले. बाजारातला एक तर साफ पडला, जोर पार उतरला. अक्कांनी पारसभाऊंना फोन केला. मुरलीभाऊंनी पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने धुळ्याला निघालो. एरंडोल आलं तेव्हा अक्का खुशीत म्हणाल्या, “येताना पद्मालयाच्या गणपतीला जाऊ.” मला एकदम ट्रे आठवले. धुताना आमचा ट्रे डावीकडे होता का उजवीकडे? कितीही आठवलं तरी तो ड्रायव्हरच डोळ्यांसमोर येई. पारोळं आलं. मग सांगून टाकलं.

अक्कांनी जीप कडेला घेतली.

“अदलाबदल झालीय, अशी खात्री आहे?”

“नाही.”

“नाही झाली, अशी?”

“तीपण नाही.”

मुरलीभाऊ मागून म्हणाले, “मंग गप बस ना भो! कोणले मालूम पडनार शे?”

“मला पडलंय ना, मुरली,” अक्का म्हणाल्या. त्यांनी जीप सुरू केली. वाटलं, शिव्या तरी द्याव्यात. नाही दिल्या.

पारसभाऊंच्या कारखान्यात त्यांचे दोन इंजिनियर तयारच होते. अक्का खुर्चीवर बसल्याही नाहीत. “भाऊ, कालचा फोन विसरा. माझ्याकडून खुणा मिसळल्यात. यातले माझे कोणते, ते आज मलाच माहीत नाही.”

माझ्याकडून, म्हणाल्या. मी मागेच उभा होतो.

“मग आलात कशाला, अक्का?” पारसभाऊ म्हणाले.

“तुम्ही वेळ दिला होता म्हणून. आता चुंबकांत जोर पुन्हा पूर्ण भरणारं यंत्र तुमचं, तेल तुमचं, मोजणारा माणूस तुमचा. नंबर पुसून नवे घाला.”

“आणि शेवटी ओळखायचे कसे? वास घेऊन?” एक इंजिनियर हसला.

अक्कांनी एक चुंबक हातावर तोलला. “वजनाने. डिस्प्रोशियम जड असतं. आकार सारखा असला तरी ज्यात ते पुरेपूर कालवलंय, तो चुंबक जड भरेल. हलके ते माझे. पण काटा सोन्याचा लागेल.”

पारसभाऊंच्या धाकट्या भावाचं सराफी दुकान होतं. काटा येईपर्यंत तेल तापलं. चुंबक पुन्हा भरून आत गेले, बाहेर आले, थंड झाले, मोजले गेले. बारा आकडे कागदावर उतरले. सहा चुंबकांचा जोर जेमतेम कमी झाला होता. पाच थोडे जास्त उतरले, पण पारसभाऊंच्या मर्यादेत होते. एक साफ पडला होता. आता फक्त कोणते कोणाचे, एवढंच उरलं होतं.

काट्याच्या पोलादाला चुंबकाने ओढू नये म्हणून अक्कांनी ताटलीवर लाकडाचा उंच ठोकळा ठेवला आणि त्यावर एकेक चुंबक. मुरलीभाऊ डोळे मिटून उभे होते. उत्तम टिकलेले सहाच्या सहा जड निघाले. म्हणजे ते बाजारातले. हलके सहा आमचे, आणि पडलेला त्यातच. मी खरोखरच अदलाबदल केली होती.

“पाच बसले,” पारसभाऊ म्हणाले. “सहाव्याचं काय?”

“का पडला, माहीत नाही. कळलं की सांगायला येईन.”

पारसभाऊंनी कागदावरच्या पाच आकड्यांभोवती गोल काढले. मग म्हणाले, “त्या पाचांसारखे करून द्या. एक पंप माझ्या स्वतःच्या शेतात बसवतो. एक उन्हाळा चालला पाहिजे.”

परतताना पद्मालयाचा विषय कोणी काढला नाही, पण एरंडोलला अक्कांनी जीप वळवली. “माझं नाव का नाही घेतलंत?” मी विचारलं. “शेड माझी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि उद्यापासून नंबर तूच घालायचे.” मुरलीभाऊ ओरडले, “ह्याले? अक्का, बठ्ठा सत्यानाश करी हा!” अक्का म्हणाल्या, “आता हा नाही विसरणार.”

पारसभाऊंच्या शेतातल्या पंपाने तो उन्हाळा काढला आणि पुढचाही. भट्टी चालू आहे. नंबर मीच घालतो. एका जागी इतके दिवस मी याआधी कुठेच टिकलेलो नाही.

सहावा चुंबक अजून अक्कांच्या टेबलावर आहे. त्या रोज सकाळी तो हातात घेऊन बघतात. कारण सापडलेलं नाही. अक्का, ते तुम्हाला सापडो, आणि पारसभाऊंना सांगायला धुळ्याची जीप तुम्हीच चालवा. मग सातवा पडो, त्याचंही कारण शोधायला तुमचे डोळे असेच स्वच्छ आणि हात असेच स्थिर राहोत. आठव्याला, नवव्याला नंबर घालायला मी आहेच.