गोफणीचा हात

आईचा अंबाडा मला घालता येत नाही, हे तिनं मी गावी पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी जाहीर केलं. "सोड. त्यापरास मोकळे ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. गोठ्यात पाय घसरून तिचा उजवा खांदा मोडला होता. गळ्यातली झोळी निघाली, हाड जुळलं, पण हात काही छातीच्या वर जाईना. नगरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, की आत्ता हलवला नाही तर खांदा असाच आखडून बसेल, कायमचा.

व्यायाम सोपा होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. आई जरा चढवायची, कळ आली की थांबायची. "पालीवानी भिंतीला चिकटायचं, ही काय मानसाची कामं? रिकामटेकड्यांनी करावीत," असं म्हणून खाटेवर जाऊन पडायची.

मला राग यायचा. राग म्हणजे नुसता नाही, दात-ओठ खाण्याइतका. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ-बहीण नाही. पारनेर तालुक्यात आमचं थोडं ज्वारीचं रान, दोन गाई आणि आई. मी पुण्यात नोकरीला. सुट्टी संपत आली होती. हात उठला नाही तर वैरणीचा भारा डोक्यावर कोण घेणार, शेणाची पाटी कोण उचलणार? म्हणजे मग गाई विकून आईला पुण्याला न्यायचं, नाहीतर मी नोकरी सोडून इथं येऊन बसायचं. दोन्ही गोष्टी तिला विषासारख्या. खरं सांगते, मलाही.

म्हणून मी दिवसभर येरझाऱ्या घालायचे. ओट्यावर जायचे, परत आत यायचे, गाईला पाणी दाखवायचे, फोन बघायचे, फोन उलटा ठेवायचे, परत बघायचे. "तुझ्या पायाला भिंगरी हाय का गं?" आई खाटेवरून करवादायची. "जरा एका जागी टेक की बाई. तुला बघून मलाच गरगरायला लागलंय."

अशाच एका दुपारी, आता जीव कशात तरी रमवला नाही तर मी भांडेन, म्हणून बॅगेतलं गेमचं यंत्र काढून टीव्हीला जोडलं.

नगरला होस्टेलवर असताना मैत्रिणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक गेम खेळायचे. गवतातून चालायचं, चित्रविचित्र प्राणी भेटायचे, त्यांच्याशी लढायचं, दमवायचं आणि गोळा फेकून पकडायचं. त्या गेमची मोठी मालिकाच आहे, जगभर तिचे वेडे आहेत. त्याच जुन्या गेमचा पुढं रिमेक निघाला आणि ह्या वेड्यांनी त्याला धू धू धुतला. का, तर रानातल्या प्राण्यांशी लढाईच काढून टाकली. नुसता कंट्रोलर हातात धरून, हात झटकून गोळा फेकायचा. 'हा कसला गेम, ही तर बालवाडी!' मीही ते वाचून नाक मुरडलं होतं. कुणाकडून तरी वापरलेला मिळाला म्हणून घेतला आणि तसाच पडू दिला.

त्या दुपारी तो हाताला लागला. मी खेळत होते, आई तिरक्या नजरेनं बघत होती. पडद्यावर उंच गवत होतं आणि त्यात पाखरं टुणटुण हिंडत होती. जुन्या गेममध्ये गवतातून प्राणी एकदम अंगावरच यायचा. ह्यात सगळे आधीपासून दिसतात, कोण कुठं चाललंय ते.

"ज्वारीत शिरलंय ते," आई म्हणाली.

"ज्वारी नाही गं, गवत आहे."

"मला नको शिकवू. पाखरू शिरलंय आन् तू बघत काय बसलीस? हान की!"

कंट्रोलर दोन भागांत सुटा होतो; मी त्याचा दुसरा भाग काढून तिच्या उजव्या हातात दिला. ह्या रिमेकमध्ये ही एक सोय आहे. दुसऱ्या माणसानं कंट्रोलर जरा हलवला की तोही पडद्यावर हजर. मागचं काही खेळलेलं लागत नाही, नियम पाठ लागत नाहीत. "तूच हाण," म्हटलं.

तिनं मांडीवरूनच मनगट झटकलं. एवढ्याशा हालचालीनंही गोळा गेला. नेम चुकला, पाखरू पळून गेलं.

"गेलं!" आई खूश.

"अगं, पळालं ते. पकडायचं असतं."

"धरून काय करायचं? पोसायला बसायचं का? पाखरू हुसकायचं असतंय."

पाखरांचं तिला मी काय शिकवणार? थंडीच्या दिवसांत कणसं भरली की आई पहाटेपासून मचाणावर उभी असायची, हातात गोफण. डोक्यावरून गरागरा फिरवून असा खडा सोडायची की पार बांधापर्यंतचा थवा उठायचा. आमच्या शिवारात तिच्या नेमाला तोड नव्हती. आता पडद्यावरचं पाखरू चुकून गोळ्यात सापडलं की ती हळहळायची, "कोंडलं की गं बिचाऱ्याला." आणि पळालं की जिंकलो.

गंमत म्हणजे गेमनं तिला एकदाही टोकलं नाही. नेम चुकला म्हणून मार नाही, परत पहिल्यापासून सुरू कर नाही. ज्या ढिलेपणावर त्या शहाण्यांनी तोंडसुख घेतलं होतं, तोच आईच्या कामाला आला. कडक गेम असता तर तिनं दुसऱ्याच मिनिटाला कंट्रोलर फेकला असता. लढाई काढून टाकली म्हणून काय शिल्लक राहिलं, तर बघणं आणि फेकणं. मला वाटायला लागलं, की हा रिमेक करणाऱ्या माणसांना कधीतरी कुणीतरी शाबासकी द्यायला पाहिजे होती. उगाच त्यांना शिव्या पडल्या.

रोज दुपारी तेच सुरू झालं. मनगटावरून कोपरावर आलं, कोपरावरून हात खांद्याच्या उंचीपर्यंत. पण तिथंच अडला. मॅडमनी भिंतीवर करायला सांगितलेल्या खुणेच्या खालीच. सुट्टी सरत होती, ऑफिसचे फोन वाजत होते, मी पुन्हा ओट्यावर-आत, ओट्यावर-आत. एकदा तर मी बोलूनही गेले, "आई, गाईंचं गिऱ्हाईक बघू का?" ती कंट्रोलर घट्ट धरून पडद्याकडं बघत बसली.

आणि नेमकं तेव्हाच गवतात एक मोठं पाखरू उतरलं. पंख पसरलेलं, चोच वाकडी, लहान्यांचा बाप असावा असं. आईचे दोन गोळे वाया गेले. पाखरू जागचं हललं नाही, उलट तिच्याकडंच बघत राहिलं.

"थांब तुझ्या आयला!" आई खाटेवरून उठलीच. हात गर्रकन डोक्यावरून फिरला, "हुर्रर्र!" आणि गोफणीच्या हाताला सवय असते तसं तिनं सोडून दिलं. कंट्रोलर माझ्या कानाजवळून सणसणत दारातून बाहेर गेला आणि गव्हाणीत पडला. गाय दचकून मागं सरली.

गोफण फिरवणारा माणूस सोडणारच. सोडलं नाही तर खडा जाईल कसा? मनगटात अडकवायची दोरी मी तिला पहिल्या दिवशीच द्यायला हवी होती, पण मांडीवरून मनगट झटकणाऱ्या बाईला दोरी कशाला, असं वाटलं होतं.

आई खांदा धरून मटकन खाली बसली. ओठ पांढरे. "आई गं, मोडला का परत?" मी ओरडले. आत्ता कुठं जुळलेलं हाड, आणि माझ्या खेळापायी. तिला तशीच शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नगर गाठलं. वाटेत मी मनातल्या मनात गाई विकल्या, नोकरी सोडली, सगळं करून टाकलं.

मॅडमनी एक्स-रे काढायला लावला, खांदा चाचपला, हात धरून हळूहळू वर नेला. आई कळवळली, पण हात गेला. कानाच्या वर गेला. "हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "आखडलेलं सुटलंय. पण असं झटक्यात करायचं नसतं हो! काय करत होतात?"

"पाखरं राखत हुते," आई म्हणाली.

पुढं खांदा दुखला, शेकला, परत दुखला. पण आता ती स्वतःहून भिंतीला बोटं लावायची आणि पालीला शिव्या घालत वर न्यायची. दुपारी पाखरं होतीच, मनगटात दोरी घालून.

निघायच्या दिवशी मी बॅग दारात ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून घड्याळ बघत, अंगणात फेऱ्या मारत होते. "आई, चल की, केस बांधून देते तेवढे, उशीर होतोय!"

ती बाहेर आली. डोक्याला अंबाडा होता. एका बाजूला कललेला, वरून दोन बटा सुटलेल्या, पिना वेड्यावाकड्या. माझ्या पायातली भिंगरी तिथंच थांबली. रडू येणार हे कळलं, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "काय हे! यापेक्षा माझा तरी बरा होत होता."

तिनं उजवा हात उचलून सुटलेली बट मागं खोचली.

"आसू दे," ती म्हणाली. "माझा म्या घातलाय."