अकोल्याला पेटी पाहायला

साठ साल अजून उजाडायचं होतं. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, अमरावतीत वकील. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. तरी धाकट्या ननंदेच्या शिकवणीसाठी स्वस्तातली जुनी पेटी पाहायला अकोल्याला निघाले तेच. "वहिनीले न्या, तिले सुरातलं समजते," असं ननंद म्हणाली, म्हणून मीही सोबत.

लग्नाआधी मी गाणं शिकले होते. सासरी आल्यावर मात्र गळा बंद. सुनेनं सासऱ्यापुढं गायचं नाही, हे न सांगताच ठरलेलं. पेटी घरात आली तर दुपारी मामाजी कोर्टात असताना मलाही गाता आलं असतं. माझा सगळा जीव त्या पेटीत अडकला होता!

विकणारे गृहस्थ भजनी मंडळातले, भले. मामाजींनी त्यांची थेट उलटतपासणीच सुरू केली. "पह्यले कोनापाशी होती? काहून विकून राहिले?" तोवर मी भाता भरून पाहिला. हवा कुठून सुटत नव्हती, सूरही गोड. इतक्यात मामाजींनी स्वतः एक पट्टी दाबली अन् ती वर येईचना. पेटी आपली भोंग्यासारखी सुरूच!

"खराब माल हाय. चाल सूनबाई," म्हणत ते उठलेसुद्धा.

"आतली स्प्रिंग सरकली असेल, मामाजी. सूर चांगले आहेत."

"चांगले हायेत हे मी कशावरून मानू?"

असा राग आला म्हणता! एवढ्या दुरून आले ती हात हलवत परत जायला? मी फतकल मारून बसले, अडलेली पट्टी नखानं उचलली अन् तिला टाळून सरळ एक भजन म्हटलं. पूर्ण. डोळे मिटून, कारण उघडायची छाती नव्हती.

मामाजींनी पैसे मोजून पेटी घेतली अन् तडक स्टेशनाची वाट धरली. मी पदर सावरत मागं. आता घरी काय ऐकावं लागतं देव जाणे.

फलाटावर त्यांनी पेटी बाकावर ठेवली अन् झाकण उघडलं.

"गाडीले येळ हाय. मघाचं ते पुन्हा म्हन."

मला रडू आलं अन् हसूही. "इथं? मामाजी, लोक पाहताहेत."

"पाहू दे ना. माही सून हाय, सांगतो त्यायले."