बंदुकीक धनी व्हयो

इजाबेलबाय बंदूक झाडण्याआधी हाक मारायची. बांधावर उभी राहून, "थंय कोण आसा काय रे? माणूस आसलास तर आवाज दे!" असं ती इतक्या मोठ्याने ओरडायची, की पडवीत दिवा लावणारी माझी आई थबकायची. उत्तर आलं नाही की पुन्हा ओरडायची. मगच आकाशाकडे नळी करून बार काढायची. तोवर बहुतेकदा रानडुकरं पसार झालेली असत. गावातले पुरुष हसायचे. "डुकरांका पत्रिका धाडता ती," म्हणायचे. ती म्हणायची, "गेली मां? मगे झालां. माका तेंका घालवचीच होती."

कट्टा नावाच्या बाजारगावाजवळच्या आमच्या गावात तिच्या आणि आमच्या परसाच्या मध्ये फक्त एक दगडी गडगा होता. नवरा वारल्यावर त्याची शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक तिने रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतली. बाईच्या नावावर बंदूक असलेलं गावातलं ते एकच घर.

मी सातवीत असताना माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. भात पोटरीत आलं, तसा राखण कोण करणार याचा आईला घोर लागला. एका संध्याकाळी पाहिलं, तर इजाबेलबाय गडगा ओलांडून आमच्या बांधावर उभी. आई संकोचली. "बाय, तुमका कित्याक तरास?" तिने आईकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या भाताक काय वेगळी डुकरां येतत?" मला कुडाळच्या शाळेत नोकरी लागेपर्यंत आमचं भात तिनेच राखलं. नव्या तांदळाचे घावणे तेवढे हक्काने मागून खायची.

दोन वर्षांपूर्वी ती विहिरीपाशी घसरून पडली आणि तिचा उजवा खांदा कामातून गेला. बंदूक उचलणं संपलं. तिची मुलगी रोझी गोव्यात, डिचोलीच्या पलीकडे दिलेली. तिथे त्यांची काजूची बाग, आणि डुकरांचा उच्छाद. बंदूक रोझीला द्यायची, असं बायने ठरवलं. जावई आग्नेल पिकअप घेऊन आला होता, त्याला हे ऐकून आनंदच झाला.

"मांय, आजच व्हरतां," तो म्हणाला. "तांदळाच्या गोणीसकयल घालतां. दोन वरांनी घरा. कोण पळयता?" बंदूक गोणीखाली लपवून, कागदांशिवाय, दोन तासांत हद्दीपार न्यायचा त्याचा बेत होता.

"नाय."

"अगो, घरातलीच वस्तू घरात वता!"

ती सोप्यावर बसली होती. दुखरा हात मांडीवर घेऊन तिने जे सांगितलं, ते इतकी वर्षं शेजारी राहून मीही ऐकलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ पावलू काजूच्या रानात बिया वेचायला वाकला होता. झुडपात डुक्कर आहे असं समजून कोणीतरी बार काढला. बंदूक विनापरवान्याची होती. ती खाडीत फेकली गेली आणि झाडणारा कोण ते कधीच कळलं नाही.

"माझी आवय मरासर इचारी होती, कोणी मारल्यान? कोणाचा नाव सांगतलंय?" बाय म्हणाली. "बंदुकीक धनी व्हयो, आग्नेल. धनी नसलेली बंदूक कोणाकय मारता, नि कोणाकच जाब देना नाय."

आग्नेलने गोण्या बांधल्या आणि तो बंदुकीशिवाय गेला.

पुढचं काम सोपं नव्हतं. आधी रोझीला तिच्या जिल्ह्यातून परवाना मिळायला हवा होता. मग इकडचा ना-हरकत दाखला, पोलिसांची चौकशी, आणि शेवटी बंदूक हद्दीपार नेण्याची परवानगी. मध्येच निवडणूक आली आणि सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. मी रजा काढून तिला ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, घेऊन जायची. बाय घडीची साडी नेसायची आणि कचेरीची पायरी चढताच शाळेतली मराठी बोलू लागायची. एका तरुण कारकुनाने आपुलकीने विचारलं, "आजी, सरकारजमा करून टाका ना. एवढा खटाटोप कशाला?"

"जमा केली तर माझी सुटका होईल, बाळा," ती म्हणाली. "पण मुलीचे काजू कोण राखणार?"

तो हसला आणि तिला पंख्याखालची खुर्ची दिली.

सगळे कागद हाती आले, त्या दिवशी मीच गाडी चालवली. गोव्याच्या हद्दीवर शिपायाने काच खाली करायला लावली. "मागे काय आहे?" मी कागद शोधू लागले, तोवर बाय ठणकावून म्हणाली, "बंदूक!" शिपाई दचकला. मग परवानगी वाचून त्याने तिला सलाम ठोकला. त्या सलामावर ती पुढची सारी वाट खूश होती. तिकडच्या ठाण्यात नळीवरचा नंबर पडताळला गेला, रोझीने सही केली. बायने डाव्या हाताने बंदुकीवरून एकदा हात फिरवला. "आता तू धनी," ती रोझीला म्हणाली. आणि लगेच, "भूक लागली गो, जेवाक घाल."

काही महिन्यांनी रोझीच्या गावाजवळ रानात कोणीतरी गोळीने जखमी झाला. पोलीस घराघरांतल्या बंदुका तपासू लागले. आग्नेलचा फोन आला तेव्हा मी बायपाशीच बसले होते. "मांय, पुलीस आयिल्ले. कागद पळयले, बंदूक पळयली, बरोबर आसा म्हणून गेले."

"मगे?" बाय म्हणाली. "तेंका चाय दिलंस काय नाय?"

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या ताटात पडलेला भात तिने राखलेला होता, आणि तिला तसं कधी कोणी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं. शब्द धड जुळले नाहीत. शेवटी तिचा बरा हात नुसता धरून बसले.

"उपकार कसले गो," ती म्हणाली. "घोव गेल्यार माका झोप येय नाय होती. घरात एकटी पडान छपराकडे बघी. मगे तुमचा भात राखूचा झालां. जागाक कारण गावलां."

त्याच महिन्यात ती गेली. रोझी आणि आग्नेल आले, मी आणि आई गेलो. तिला माती दिली त्या दिवशी आईने त्या सगळ्यांसाठी आमच्या शेतातल्या तांदळाची पेज केली.