पाचांना पाच चुली कशाला?

सोमवारी सकाळी आत्या वारली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

हिमालयाला उलटून बोलणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही. आमचं चौक गाव सोडून ती फारशी कुठे गेली नव्हती, पण कुमाऊंमधल्या पंचचूली शिखरांशी तिचं उघड वैर होतं. मुनस्यारीहून मी तिच्यासाठी त्या पाच शिखरांचा फोटो आणला, तेव्हापासूनचं. यांच्या एका अंगाला गोरी नदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला दारमाचं, असं मी समजावत होतो. मावळतीला बर्फ लाल होतो, आणि तिथले लोक म्हणतात, स्वर्गाच्या वाटेला लागण्याआधी पांडवांनी शेवटचं जेवण इथे रांधलं, पाच चुलींवर. आत्याचा भाकरी थापणारा हात थांबला. “द्रौपदी किती रं?” एक, मी म्हणालो. “मग चुली पाच कशाला? भाऊ वेगळं झालं व्हतं?” मी म्हटलं, अगं, दंतकथा आहे ती. “असू दे! सर्गाच्या दारात जाऊन वाटन्या केल्या मेल्यांनी. म्हनून तर वाटेत येकेक पडला. हात धराया कोन हाय?” फोटो मात्र तिने चुलीवरच्या भिंतीला खिळा ठोकून लावला. “रोज दिसाया पायजे, कसं वागू नाय ते.”

कोणाच्याही घरी गेली की माणसं किती हे न विचारता ती चुली किती हे विचारी. माझ्या भावासाठी कर्जतला मुलगी पाहायला गेलो, तर मुलीचे वडील ऐटीत म्हणाले, “दोन गॅस, वर इंडक्शन.” आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. “चला रं. हितं समदे वेगळे झालेत.” तेव्हा मुलगीच पुढे आली. “आत्याबाई, पेटतो एकच. बाकीचे दाखवायला हायत.” आत्याने बशी परत उचलली. ती मुलगी आज माझी वहिनी आहे.

आमच्याकडे बाबा आणि दोन काका, सगळ्यांचं जेवण आत्याच्या एका चुलीवर. धाकट्या काकांनी वरच्या मजल्यावर वेगळा गॅस आणला, तेव्हा ती भांडली नाही. तिने सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कनवटीला खोचला. बाजारात, भजनाला, दवाखान्यात तो तिच्याबरोबर. डॉक्टरांनी विचारलं, हे काय आजी? “आमच्या घराचं कुलूप हाय.” काका आर्जवं करत, “आक्का, दे गं आता. पोरं हसतात मला.” ती म्हणे, “मी मेल्यावर घे. तवर खाली येऊन जेव.” काकांना दुसरा रेग्युलेटर सहज आणता आला असता. त्यांनी आणला नाही, आणि आत्यानेही ते कधी बोलून दाखवलं नाही.

तेराव्यानंतर वहिनीने तो रेग्युलेटर काकांच्या हातात ठेवला. काका जिन्यापाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि परत आले. फोटोच्या खिळ्याला तो अडकवून पाटावर बसले. “वाढ गं,” म्हणाले.

रेग्युलेटर अजून तिथेच आहे, पाच शिखरांच्या खाली. घरात चूल एक आहे.