आक्का चित्राला बसली

माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली चाळीस वर्षं सोलापुरात बायकांचे ब्लाउज शिवते. टेप न लावता नुसत्या नजरेनं ती माप सांगते. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढावा लागला. दोन महिन्यांत ती परत मशीनवर बसली, पण स्वतःच्या ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला कापूस भरून. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

मी चित्रकला शिकवते. एका रविवारी आक्का माझ्याकडं आली, तेव्हा टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं. देशोदेशीच्या नग्न आकृती होत्या त्यात. आपल्या देवळांवरच्या दगडी बायका, संगमरवरी पुतळे, युरोपातली तैलचित्रं. तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून मी ते मिटायला गेले. तिनं माझा हात बाजूला सारला, चष्मा लावला आणि पान न् पान बघितलं.

"हजारो वर्षं बायकाच काढल्यात की," ती म्हणाली. "पण माझ्यासारखी एक बी न्हाय."

मी पुन्हा पानं चाळून बघितली. खरंच नव्हती.

"मग तू काढ. मी बसते."

"आक्का, अंगावर काही न घालता बसावं लागतं."

"व्हय, कळतंय की. डॉक्टरांसमोर बसले, तुझ्यासमोर बसायला काय झालं?"

दुपारी तिच्या शिवणाच्या दुकानाचं शटर खाली ओढून आम्ही काम सुरू केलं. ती स्टुलावर ताठ बसायची. मी चेहरा काढला, गळा, उजवा खांदा, पोटाच्या वळ्या काढल्या. डावीकडं मात्र हात जाईना. दोन दिवस तिनं पाहिलं.

"तितं का थांबतीस? शिवणच हाय ती. जरा वाकडी आली, पण लई पक्की हाय."

त्या दिवशी मी काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आलेला तो व्रण काढला, सुरकुतीसकट.

सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन होतं. संयोजक चित्रासमोर घुटमळले. "मॅडम, फॅमिली येतात. हे आतल्या खोलीत लावूया का?" मी मान डोलावणारच होते. तेवढ्यात आक्का आली. ठेवणीतली हिरवी इरकल नेसलेली, आणि डावी बाजू सपाट. कापूस घरी ठेवून आली होती.

"दारासमोर लावा," ती म्हणाली. "चित्रातली बाई मीच हाय. माझी हरकत न्हाय."

चित्र दारासमोर लागलं. काही जण मान वळवून पुढं गेले. एक गृहस्थ बायकोला "चल" म्हणाले. ती हलली नाही. बराच वेळ बघून तिनं मला विचारलं, "ह्या कोण?"

"मी," शेजारून आक्का म्हणाली.

त्या बाईनं पदर छातीशी घट्ट धरला. "माझं सोमवारी ऑपरेशन आहे," ती हळूच बोलली.

आक्कानं तिचा हात धरून तिला बाकावर नेलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मधेच एकदा दोघी हसल्या. मला आजवर बक्षिसं मिळाली, सत्कार झाले. पण त्या दुपारी माझ्या बहिणीकडं बघताना जसा ऊर भरून आला, तसा कधी आला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत हॉल बंद करायला संयोजक किल्ली घेऊन आले.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांचं बोलणं होऊ द्या."